नॅनोफायबरची जाळी एमआरआयमधे दिसायला हवी असेल तर काय काय करायचं

माझ्या मामांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, आत जाळी बसवली, आणि दोन वर्षांनी तिथंच परत दुखायला लागलं म्हणून विट्याहून मिरजेला नेऊन एमआरआय केला. रिपोर्ट सांगताना डॉक्टर म्हणाले स्नायू दिसतायत, आतडी दिसतायत, पण जाळी नेमकी कुठाय, सरकलीय का गोळा झालीय हे या फोटोवरनं सांगता येत नाही. चूक कुणाचीच नव्हती, साधी पॉलिप्रॉपिलीनची जाळी एमआरआयमधे जवळपास दिसतच नाही. मी तेव्हा कोल्हापूरला नॅनोफायबरवरच, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक प्लॅस्टिकच्या धाग्यांवरच, काम करत होतो, म्हणजे उद्या शरीरात जाणारं मटेरियल मी बनवतोय आणि ते आत गेल्यावर कुणाला दिसणारच नाही हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट टोचलं. तेव्हापासून हेच करतोय. एमएस्सी किंवा पीएचडीची पोरं सारखी विचारतात म्हणून जे शिकलो ते इथं सगळं लिहितोय.

आधी दिसत का नाही ते कळू दे, नाहीतर पुढचं सगळं नुसतं रेसिपी पाठ केल्यासारखं होतं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कधी गेला असाल तर सतारीच्या तरफेच्या तारा बघितल्या असतील, वरची तार छेडली की त्याच सुरात लावलेली खालची तार हात न लावता वाजते. एमआरआय तेच करतं, फक्त तारांच्या जागी शरीरातल्या पाण्याचे हायड्रोजन असतात. १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनमधे त्यांचा सूर साधारण ६४ मेगाहर्ट्झ, त्याच सुराची रेडिओ लहर सोडली की ते वाजायला लागतात आणि मशीन ते ऐकतं. पॉलिमरमधे पण हायड्रोजन भरपूर असतात, पण घन पदार्थात जखडलेले, त्यांचा आवाज काही मायक्रोसेकंदात मरतो आणि नेहमीच्या स्कॅनमधे मशीन कान लावतं तेच काही मिलिसेकंदांनी. तोवर तिथं शांतता.

मग युक्ती अशी की धाग्यात आयर्न ऑक्साइडचे, म्हणजे मॅग्नेटाइटचे, १० नॅनोमीटरच्या आसपासचे कण घालायचे. प्रत्येक कण मशीनच्या मोठ्या चुंबकात स्वतः छोटा चुंबक बनतो, आजूबाजूच्या पाण्याचा सूर थोडाथोडा बिघडवतो, कुणाचा वर कुणाचा खाली, आणि सगळे बेसूर झाले की एकत्र आवाज लवकर विरतो. फोटोत तिथं काळं दिसतं. म्हणजे आपण बघतो ती धाग्याची सावली. एकेक धागा दिसणार नाही हेही आत्ताच लक्षात घ्या, धागा काहीशे नॅनोमीटरचा आणि फोटोचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, तेव्हा दिसते ती धाग्यांची मिळून झालेली अख्खी चादर. युरोपात पीव्हीडीएफ नावाच्या प्लॅस्टिकच्या धाग्यात लोखंडाचे कण घातलेल्या हर्नियाच्या जाळ्या आधीच वापरात आहेत, त्यामुळे हे हवेतलं नाही.

एमआरआयच्या आधी शिरेतनं देतात त्या औषधातला धातू, गॅडोलिनियम, तो का नको असं विचारतात. त्यानं पांढरं दिसतं, वाचायला सोपं हे खरं, पण त्याच्या अगदी जवळ पाणी पोचावं लागतं, आणि पाण्याला न भिजणाऱ्या पॉलिमरच्या पोटात ते गाडलं की काम होत नाही, पृष्ठभागावर रासायनिक बांधावं लागतं. वर सुटा गॅडोलिनियम विषारी, किडनी बिघडलेल्या पेशंटना त्यातनं कातडी आणि आतले अवयव कडक करणारा आजार होतो हे २००६ मधे पुढं आलं. लोखंड निदान शरीराच्या ओळखीचं. माझं मत, सुरवात लोखंडानंच करा.

कण विकत मिळतात पण एकदा स्वतः बनवून बघाच. १०० मिली पाण्यात फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट २.७ ग्रॅम आणि फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट १ ग्रॅम, म्हणजे २ ला १ असं मोलचं प्रमाण, पाण्यातनं आधी नायट्रोजन सोडून घेतलेला, तापमान ८०, आणि २५ टक्क्यांचा अमोनिया १० मिलीच्या आसपास जोरात ढवळत ओतायचा. क्षणात काळंभोर होतं. तपकिरी झालं तर हवा शिरलीय नाहीतर तुमची फेरसची बाटली जुनी आहे, ताजं मीठ फिकट हिरवं दिसतं, पिवळट-तांबूस दिसलं की वापरू नका. मग १ मिली ओलेइक ॲसिड घालून तासभर त्याच तापमानाला ठेवा, त्याचा लेप बसला की कण पाण्यातनं निघून क्लोरोफॉर्ममधे जायला तयार होतात. इथॅनॉलनं तीनचारदा धुवा, चुंबकानं गोळा करा, क्लोरोफॉर्ममधे पसरवा. नीट झालेलं द्रावण रात्रभर ठेवलं तरी तळाला गाळ बसत नाही. गाळ बसला तर पुढं जाऊच नका, तोच गाळ उद्या धाग्यात गाठी म्हणून दिसेल.

आता पॉलिमर. मी पीसीएल, म्हणजे पॉलिकॅप्रोलॅक्टोन, ८०,००० रेणुभाराचं वापरतो, शरीरात हळूहळू विरघळतं, दोनएक वर्षं लागतात. १० मिली द्रावणात १.२ ग्रॅम पीसीएल, त्यातलं क्लोरोफॉर्म ८ मिली आणि डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड, दुसरं सॉल्व्हंट) २ मिली. लोखंड किती? पॉलिमरच्या वजनाच्या ०.१, ०.५ आणि १ टक्का असे तीन आणि एक बिनलोखंडाचा. १.२ मिलिग्रॅम वजनकाट्यावर नीट तोलता येत नाही म्हणून कणांचं १ मिलीत १० मिलिग्रॅमचं द्रावण करून ठेवा, मग ०.१२, ०.६ आणि १.२ मिली घातलं की झालं, फक्त तेवढंच क्लोरोफॉर्म कमी घ्या. आणि त्या १० मिलिग्रॅममधे ओलेइक ॲसिडचं वजन पण धरलेलं असतं, टीजीए करून, म्हणजे तापवत तापवत वजन किती घटतं ते मोजून, खरं लोखंड किती ते काढा.

इथं बहुतेकजण फसतात. मॅग्नेटिक स्टररवर हे ढवळायचं नाही! आतला चुंबक कण स्वतःला चिकटवून घेतो, शेवटी चुंबक काळा आणि द्रावण फिकट, आणि तुम्ही वहीत १ टक्का लिहून मोकळे. पीसीएल आधी वेगळं विरघळवून घ्या तेव्हा चुंबक चालेल, मग तो काढा, कण घाला आणि बाटली रोलरवर किंवा शेकरवर रात्रभर ठेवा. प्रोब सोनिकेटर, म्हणजे द्रावणात बुडवून ध्वनिलहरींनी कण फोडणारी दांडी, लावायचा मोह होतो, पण तो जास्त वेळ चालवला की पॉलिमरच्या साखळ्याच तुटतात, द्रावण पातळ होतं आणि धाग्याऐवजी मणी पडतात, म्हणून कण पॉलिमरमधे जायच्या आधीच साध्या बाथ सोनिकेटरमधे पसरवा. डीएमएफ सगळ्यात शेवटी, थेंब थेंब, ओलेइक ॲसिडच्या कणांना ते मानवत नाही, एकदम ओतलं की कण गोळा होतात.

इलेक्ट्रोस्पिनिंगचं, म्हणजे सुईतल्या द्रावणाची धार विजेच्या दाबानं ओढून धागे करण्याचं, फार लिहित नाही, ते सगळे करतात. २१ गेजची बोथट सुई, १५ किलोव्होल्ट, १५ सेंटिमीटर अंतर, तासाला १ मिली, ॲल्युमिनियम फॉइलवर. पण हवा बघा. आमच्याकडं तासगावला बेदाण्याच्या शेडवाले हवेतल्या ओलाव्याला जेवढे जपतात तेवढंच जपायला पाहिजे, ४० ते ५० टक्क्यांत छान होतं, जुलैच्या पावसात डीह्युमिडिफायर नसेल तर धाग्यावर भोकं पडतात नाहीतर धार सारखी तुटते. बंद केल्यावर सुई आणि कलेक्टर अर्थिंगच्या काठीनं डिस्चार्ज केल्याशिवाय हात घालू नका. क्लोरोफॉर्म आणि डीएमएफ दोन्ही फ्यूम हूडमधेच, आणि नायट्राइलच्या ग्लोव्हमधनं क्लोरोफॉर्म बघता बघता आत येतं, उडालं की लगेच बदला. निघालेली चादर व्हॅक्यूममधे दोन दिवस, तापमान ४० च्या वर नको, पीसीएल ६० ला वितळतं. उजेडात धरून बघा, फिकट तपकिरी रंग सगळीकडं सारखा पाहिजे. मग एसईएममधे (पृष्ठभाग दाखवणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) निदान १०० धाग्यांची जाडी मोजा, आणि कण धाग्याच्या आत आहेत का नुसते वर चिकटलेत ते टीईएममधे (आरपार बघणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) बघा.

आता खरी परीक्षा, स्कॅन. चादर तशीच मशीनमधे ठेवून काही कळत नाही, भोवती पाणी पाहिजे, म्हणून १.५ टक्क्यांच्या अगरोज जेलमधे पुरायची. माझी पहिली खेप इथंच वाया गेली, फोटो आला, चादर काळीकुट्ट, मी खूश, मग बिनलोखंडाचा नमुना बघितला तर तोही काळा. पीसीएल पाण्याला भिजत नाही, धाग्यांच्या मधे हवा अडकलेली, आणि हवा पण एमआरआयमधे काळीच दिसते. पूर्ण महिन्याचं काम त्या एका फोटोत गेलं आणि खूप वाईट वाटलं. तेव्हा चादर आधी ७० टक्के इथॅनॉलमधे बुडवून व्हॅक्यूम लावा, बुडबुडे निघायचे थांबले की हळूहळू पाण्यानं इथॅनॉल बदलत न्या. जेलचं पाणी पण आधी उकळून हवा काढलेलं. आणि जेल ४५ अंशाला आल्यावरच ओता, उकळतं ओतलं तर पीसीएल वितळून चादरीचा पापड होतो. बिनलोखंडाचा नमुना प्रत्येक वेळी शेजारी पाहिजेच, त्याच्याशिवाय काळ्या फोटोला काही अर्थ नाही.

सेंटरवाल्यांना आत काय आहे ते आधी स्पष्ट सांगा, नमुने घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, धातू कुठंच नको. रात्री पेशंट संपल्यावर वेळ मागितली तर बरेच जण मदत करतात, मला सांगलीत असाच अनुभव आला. स्पिन एको आणि ग्रेडियंट एको या स्कॅनच्या दोन्ही पद्धती (सीक्वेन्स) घ्या, ग्रेडियंट एकोचे एको टाइम, म्हणजे लहर सोडल्यापासून मशीन कान लावेपर्यंतचा वेळ, ५, १०, १५, २० मिलिसेकंद. चादर एकदा मशीनच्या चुंबकाला समांतर आणि एकदा आडवी ठेवा, दिशेनं सावलीचा आकार बदलतो. डायकॉम फाइली (स्कॅनच्या मूळ फाइली) घेऊन इमेज-जे या फुकट सॉफ्टवेअरमधे त्याच भागाचा सिग्नल मोजा, त्याचा लॉग एको टाइमसमोर मांडला की रेषेच्या उतारावरनं सिग्नल किती वेगानं मरतो तो आकडा मिळतो. डोळ्याला काळं दिसतंय यावर थांबू नका, आकडा काढा.

आणि आता माझा आग्रह. दिसेल एवढंच लोखंड घाला, त्यापेक्षा जास्त नको. १ टक्क्याची चादर फोटोत फार ठसठशीत येते पण तिची सावली तिच्यापेक्षा जाड पसरते आणि शेजारचा स्नायू, सूज, पू जे डॉक्टरांना बघायचंय तेच झाकून टाकते. मामांच्या फोटोत जाळी दिसली असती आणि भोवतीचं काहीच दिसलं नसतं तर काय उपयोग? तिन्हींपैकी जो सगळ्यात कमी लोखंडात दोन्ही सीक्वेन्सवर बिनलोखंडापेक्षा वेगळा ओळखू येतो तोच घ्या.

लॅबमधलं हे मटेरियल माणसाच्या जवळपास पण न्यायचं नसतं, त्याला आयएसओ १०९९३ च्या (शरीराला मटेरियल चालतं का ते बघणाऱ्या) चाचण्या, प्राण्यांसाठी एथिक्स कमिटी, आणि पुढं २०१७ चे मेडिकल डिव्हाइस नियम आहेत. तोवर आपल्या हातात दोन गोष्टी. एक, मशीनच्या तोंडाशी, जिथं ओढ सगळ्यात जास्त असते तिथं, नमुना दोऱ्याला टांगून किती कलतो ते बघा, ४५ अंशांपेक्षा कमी कलला तर चुंबकाची ओढ त्याच्या वजनापेक्षा कमी. दुसरं, चादर ३७ अंशाला पीबीएसमधे (शरीरातल्या द्रवासारखं क्षारांचं पाणी) ठेवा, दर आठवड्याला द्रव काढून लोखंड मोजा, आणि १ महिना, ३ महिने असं करत तीच चादर त्याच सेटिंगवर परत स्कॅन करा. उतार कमी झालेला दिसला तर पहिल्यांदा काढून ठेवलेल्या द्रवाच्या बाटल्या तपासा, लोखंड तिकडं गेलेलं असेल.