एमई-262 चं मॉडेल उडवताय? या चुका टाळा

दर हिवाळ्यात मैदानावर कोणीतरी रिमोटवर उडणारं नवीन मेसरश्मिट एमई-262 घेऊन येतं आणि बऱ्याचदा त्याचे तुकडे पोत्यात भरून घरी नेतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने लढाईत उतरवलेलं जगातलं पहिलं जेट लढाऊ विमान, त्यात इतकं देखणं, त्यामुळे ते सगळ्यांनाच हवं असतं. पण मॉडेलं पडतात ती ठरावीक कारणांनी. ती कारणं मूळ विमानाच्या इतिहासात 1942 पासून नोंदलेली आहेत. किटवर पन्नास हजार खर्च करणारा माणूस तासभर वाचायला बसत नाही, याचा मला खरंच त्रास होतो.

वेग यायच्या आधी एलिव्हेटर ओढणं

सगळ्यांत जास्त मॉडेलं या एका चुकीने गेली आहेत. प्रोपेलरच्या ट्रेनरवर शिकलेल्या हाताला एक सवय लागलेली असते. थ्रॉटल दिला की प्रोपेलरचा झोत पंखावरून आणि शेपटीवरून जातो, त्यामुळे विमान जेमतेम धावत असतानाही एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी, ऐकतो. ईडीएफमध्ये, म्हणजे नळीत बसवलेल्या विजेच्या फॅनमध्ये, झोत नळीतून सरळ मागे निघून जातो. 262 च्या दोन्ही नळ्या पंखाखाली आणि आडवी शेपटी वर, उभ्या फिनवर. म्हणजे फॅनच्या हवेचा शेपटीला काही उपयोग नाही. तिथली पकड येते ती फक्त विमानाच्या धावेतून.

मूळ विमानालाही हेच नडलं. 18 जुलै 1942 ला लाइपहाइमच्या धावपट्टीवर फ्रिट्झ वेंडेलने 262 पहिल्यांदा निव्वळ जेटच्या जोरावर उडवलं. त्या नमुन्याला नाकाखाली चाक नव्हतं, शेपटीखाली होतं. शेपटी जमिनीला टेकलेली असताना एलिव्हेटरवर हवाच येईना. ताशी साधारण 180 किलोमीटर वेगाला ब्रेकवर हलका पाय देऊन त्याला शेपटी उचलावी लागली. पुढे नाकाखाली चाक आलं त्याचं हे एक मोठं कारण. कसलेल्या चाचणी वैमानिकाला जे करावं लागलं, ते आपल्याला करावं लागणार नाही असं नवशिक्याला का वाटतं?

आमच्या मैदानावर एक तरुण दीड मीटर पंखाचं, 70 मिलिमीटरच्या दोन फॅनचं 262 घेऊन आला होता. गवत पावसाळ्यानंतर नीट कापलेलं नव्हतं. मी म्हटलं, "अरे, आज राहू दे, पलीकडच्या मुरमाच्या पट्टीवर पुढच्या रविवारी उडव." तो म्हणाला, "काका, थ्रस्ट भरपूर आहे, जाईल." विमान सुटलं. लहान चाकं गवतात अडकत होती, वेग वाढत होता पण सावकाश. मैदानाच्या टोकाला बाभळी. त्या जवळ येताना दिसल्या तशी त्याने स्टिक पोटापर्यंत ओढली. नाक वर गेलं, विमान पुरुषभर उंच उठलं आणि तिथेच थबकलं. डावा पंख खाली गेला. त्याने सावरायला उजवा एलेरॉन (पंखाच्या टोकाकडची पट्टी) दिला, त्याने तर तो पंख पुरताच बसला. नाक जमिनीत घुसलं, बॅटरी उसळून गवतात पडली, फुगली आणि धुमसायला लागली. आम्ही वाळूची बादली घेऊन धावलो. तो पोरगा गुडघ्यावर बसून फोमचे तुकडे गोळा करत होता. मला राग आला होता आणि वाईटही वाटत होतं, कारण बांधणी त्याने मन लावून केली होती.

माझी पद्धत अशी. पट्टीच्या मधोमध, कडेला लाल कापडाची काठी रोवतो. काठीपर्यंत विमान हलकं झालेलं दिसलं नाही तर थ्रॉटल बंद, कारण थांबायला पुढे जागा असते. थ्रॉटल तीन-चार सेकंदांत सावकाश पुढे, टेकऑफ फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) थोडे खाली, आणि एलिव्हेटरवर बोट ठेवायचं, ओढायचं नाही. एप्रिल-मेच्या दुपारी नवं 262 उडवूच नका. हवा विरळ असते, धाव लांबते. सकाळी या.

तोल पंखाच्या मुळाशी मोजणं

दुसरी चूक घरातच होते. 262 चा पंख मागे ओढलेला आहे, पुढच्या कडेला सुमारे साडेअठरा अंश. तो वेगासाठी तसा केला असं अनेक जण ठासून सांगतात. मुळात इंजिनं अपेक्षेपेक्षा जड निघाली, तोल बिघडला, म्हणून बाहेरचा पंख मागे न्यावा लागला. विमानाचा आकारच तोल सांभाळायला बदलला गेला, आणि आपण तोच बोटांवर अंदाजाने बघतो.

सरळ पंखाच्या सवयीने लोक धडाजवळची रुंदी घेतात आणि तिच्या पाव भागावर खूण करतात. मागे ओढलेल्या पंखात सरासरी रुंदी बाहेरच्या बाजूला आणि मागे असते. हिशोब तिथे करायचा आणि ती जागा धडापाशी आणायची. मी पंखाचा आकार कागदावर पूर्ण मापात काढतो, सरासरी रुंदीच्या पाव भागावर रेघ मारतो आणि पहिलं उड्डाण त्या रेघेच्या किंचित पुढच्या तोलावर करतो. नाक जड असलेलं विमान आळशी उडतं, पण उडतं. शेपटी जड असलेलं दुसऱ्या वळणापर्यंतही पोचत नाही.

"बॅटरी इथेच बसते" हे कारण मला पटत नाही. बसत नसेल तर कप्पा कापा, नाकात मासेमारीचं शिसं भरा. अमेरिकेत बांधलेली पूर्ण आकाराची 262 डिसेंबर 2002 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरेटला उडाली. तिच्यात जनरल इलेक्ट्रिकची जे-85 जातीची इंजिनं होती, मूळ विमानाच्या युमो 004 इंजिनाच्या एक तृतीयांशाहूनही हलकी. बांधणाऱ्यांनी ती युमोच्या आकाराच्या आवरणात बसवून वजन आणि तोल मुळासारखा जुळवला. आपल्याला एवढं सोसणंही नको असतं.

उतरताना थ्रॉटल बंद करणं

युमो 004 चा थ्रॉटल झटक्याने पुढे ढकलला की इंजिन तापायचं किंवा विझायचं. उतरताना एकदा वेग गेला की तो परत आणायला वेळ लागे. फॅनचंही तसंच आहे, बंद करून पुन्हा दिला तर जोर यायला क्षण जातो आणि तेवढ्यात पंख उचल सोडतो. एक तृतीयांश थ्रॉटल जमीन लागेपर्यंत ठेवा.

बाकीच्या

झटपट चिकटवण्याचा हट्ट. साधा सायनो (क्षणात चिकटणारा गोंद) थर्माकोल विरघळवतो, आणि पाच मिनिटांचा इपॉक्सी पंखाच्या मुख्य सांध्याला वापरू नये. रात्रभर थांबा. लाकडी पंखांचं हाइंकेल 162 हे जर्मन जेट डिसेंबर 1944 च्या 6 तारखेला पहिल्यांदा उडालं आणि 10 तारखेला सदोष सांध्यामुळे हवेतच फुटलं. त्यात चाचणी वैमानिक गोटहोल्ड पीटर गेला. चांगल्या गोंदाचा कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला होता आणि बदली गोंदातलं आम्ल लाकूड खात होतं.

दोन ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे नियंत्रक) असतील तर दोन्हींच्या लाल तारा काढून ठेवा, आणि रिसीव्हरला वेगळा बीईसी (वीज पुरवणारा भाग) द्या.

दोन फॅन मिळून सहज शंभर अँपिअरच्या वर ओढतात. तिथे 60 अँपिअरचा कनेक्टर तापून ढिला होतो.

इंजिनाच्या तोंडातला शंकू मुळासारखा दिसावा म्हणून जाड करतात आणि फॅनची हवा कोंडते. शंकू बारीक करा, तीन मीटरवरून कोणाला कळत नाही.

पुढचं चाक मूळ विमानातही नाजूक होतं. त्याचा स्क्रू दर उड्डाणानंतर तपासा. आणि एव्हरेटच्या त्या विमानाचा लँडिंग गियर जानेवारी 2003 मध्ये, नीट बांधलेला असूनही, उतरतानाच बसला.

रंगाचे थर वजन वाढवतात. शेपटीवर पाडलेल्या विमानांच्या खुणा काढायची हौस असेल तर हेही वाचा, की या विमानांची बरीच धडं ऑस्ट्रियात गुसेनच्या बोगद्यात माउटहाउझेन छळछावणीच्या कैद्यांकडून करून घेतली होती. माझ्या मॉडेलवर मी फक्त रंग आणि क्रमांक ठेवतो.

उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशात मैदान हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या, क्षेत्रात आहे का ते बघा, आणि बॅटऱ्या उन्हातल्या गाडीत ठेवू नका.