पूर्व भारी की पश्चिम? वाद घालण्याआधी करायचा हिशेब

नाशिकमध्ये बसून एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग, बघणाऱ्याचं मत घड्याळ ठरवतं. लीगचे ३२ संघ पूर्व आणि पश्चिम अशा दोन गटांत, म्हणजे कॉन्फरन्समध्ये, १६-१६ वाटलेले आहेत. हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व भागातला संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो, पश्चिम किनाऱ्यावरचा सकाळी साडेआठला. ऑक्टोबरात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर या वेळा एक तास अलीकडे येतात. नऊच्या आत सातपूर-अंबडला कामावर पोचायचं असेल तर पूर्वेचा सामना पुरा होतो आणि पश्चिमेचा राहून जातो. महिनाभर असं पाहिलं की पूर्वेचेच खेळाडू सरस वाटू लागतात. कॉलेज रोडच्या कट्ट्यावर "कुठली कॉन्फरन्स भारी" हा विषय निघाला, की म्हणूनच डोळ्यांऐवजी कागद-पेन घेऊन बसावं. काम वीस मिनिटांचं आहे.

आधी कुठले पुरावे बाद करायचे ते पाहू. स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, कोणी जिंकला, हा पहिला. कोलोरॅडो २०२२ मध्ये आणि व्हेगास २०२३ मध्ये जिंकले, तेव्हा पश्चिम भारी ठरली. फ्लोरिडाने २०२४ आणि २०२५ मध्ये दोन्ही वेळा एडमंटनला हरवलं, तशी पूर्व भारी झाली. पण अंतिम मालिका दोन संघांची असते, उरलेल्या तिसांबद्दल ती काहीच सांगत नाही.

दुसरा पुरावा गुणांच्या बेरजेचा. जिंकणाऱ्याला २ गुण मिळतात, पण बरोबरीनंतर ओव्हरटाइममध्ये (जादा वेळेत) किंवा शूटआउटवर (एकेकट्याच्या फटक्यांवर) हरणाऱ्यालाही १ मिळतो. एकाच कॉन्फरन्समधल्या दोन संघांचा सामना लांबला, की त्या कॉन्फरन्सच्या खात्यात दोनाऐवजी तीन गुण जमा होतात. ज्या बाजूला आपापसातले सामने जास्त लांबतात तिची बेरीज फुगते. त्याचा ताकदीशी संबंध नाही.

तिसरा पुरावा सगळ्यात फसवा, कारण तो पटतो. २०२३-२४ मध्ये पश्चिमेत सेंट लुइस ९२ गुण घेऊनही प्लेऑफबाहेर (नियमित हंगामानंतरच्या विजेतेपदाच्या फेऱ्यांबाहेर) राहिला आणि पूर्वेत वॉशिंग्टन ९१ गुणांवर आत गेला. "पश्चिमेची पातळीच वर आहे" असं म्हणायचा मोह होतो. पण त्याच हंगामात पश्चिमेच्या तळाशी सॅन होजे ४७ गुणांवर आणि शिकागो ५२ गुणांवर होते. वेळापत्रकानुसार पश्चिमेच्या बाकी प्रत्येक संघाला या दोघांशी मिळून ६ किंवा ७ सामने मिळाले, पूर्वेच्या संघांना फक्त ४. तळ कमकुवत असला तरी प्लेऑफची रेघ उंचावते.

आता खरा हिशेब. प्रत्येक कॉन्फरन्सचे दोन भाग असतात, त्यांना डिव्हिजन म्हणतात. ८२ सामन्यांच्या वेळापत्रकात संघ आपल्या डिव्हिजनमध्ये २६, कॉन्फरन्सच्या दुसऱ्या डिव्हिजनशी २४ आणि समोरच्या कॉन्फरन्सशी ३२ सामने खेळतो. (२०२६-२७ पासून हंगाम ८४ सामन्यांचा आहे. वाढलेले दोन डिव्हिजनमधले, ३२ चा आकडा तोच.) १६ संघ गुणिले ३२, म्हणजे वर्षाला ५१२ सामने पूर्व विरुद्ध पश्चिम असे होतात. निकाल लावायचा तो एवढ्यांवरच. शिवाय प्रत्येक जोडी एकदा याच्या घरी, एकदा त्याच्या घरी खेळते, म्हणजे घरच्या मैदानाचा फायदाही दोन्ही बाजूंना सारखा.

हे ५१२ निकाल एकेक करून शोधायची गरज नाही. गुणतक्ता उघडा आणि पश्चिमेच्या १६ संघांचे सगळे विजय बेरजेला घ्या. मग त्यांचे सगळे पराभव, ओव्हरटाइमचे धरून, बेरजेला घ्या. वजाबाकी करा. आपापसातल्या प्रत्येक सामन्यात एक विजय आणि एक पराभव असतो, तो आपोआप कटतो. उरतो तो फक्त पूर्वेशी झालेल्या सामन्यांचा फरक. समजा विजय ६७२ आणि पराभव ६४० आले. फरक ३२. त्यात ५१२ मिळवून निम्मे करा: पश्चिमेचे २७२ विजय, पूर्वेचे २४०. हंगाम अर्ध्यात असेल तर ५१२ च्या जागी तोवर झालेले पूर्व-पश्चिम सामने धरा.

इथे हमखास चूक होते ती ओव्हरटाइमच्या पराभवांचा रकाना विसरण्याची. मग दोन्ही कॉन्फरन्स अधिकमध्ये निघतात आणि कट्ट्यावर दोन्ही पक्ष आपणच जिंकलो म्हणतात. पडताळा सोपा आहे: पश्चिमेचा फरक अधिक ३२ असेल तर पूर्वेचा उणे ३२ आलाच पाहिजे. एकाचाही फरक पडला तर बेरीज चुकली. हीच युक्ती गोलफरकाच्या रकान्याला लावा, तीही चालते. मात्र सॅन होजेसारखा एखादा संघ वगळून पाहायचा असेल तर त्याची ओळ नुसती खोडू नका. खोडली की आपापसातले सामने कटत नाहीत आणि सगळा हिशेब बिघडतो. त्या संघाचे समोरच्या कॉन्फरन्सशी झालेले ३२ निकाल वेगळे मोजून वजा करावे लागतात.

आता २७२-२४० म्हणजे पश्चिम भारी का? नाही. छापा-काट्याचं नाणं ५१२ वेळा उडवलं तर वीसपैकी एकोणीस वेळा छापे साधारण २३४ ते २७८ च्या दरम्यान पडतात. २७२ या पट्ट्यातच आहे. २७८ च्या पुढे गेल्याशिवाय ठामपणे बोलू नये, आणि डिसेंबरात तर नाहीच. अनेक हंगामांत प्रामाणिक उत्तर "फारसा फरक नाही" असंच येतं, आणि ते म्हणायला हिंमत लागते. २०२०-२१ चा हंगाम तर मोजूच नका. कोविडमुळे त्या वर्षीच्या नियमित हंगामात संघ फक्त आपल्या डिव्हिजनमध्येच खेळले.

वादाची गाडी इथून ट्रेडकडे, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीकडे, वळतेच. "याला घ्या, त्याला द्या" म्हणण्याआधी क्रमाने चार गोष्टी तपासा. करारात नो-मूव्हमेंट किंवा नो-ट्रेडचं, म्हणजे खेळाडूला परस्पर दुसरीकडे धाडता येणार नाही असं, कलम आहे का? असेल तर खेळाडूच्या होकाराशिवाय बोलणंच खुंटतं. अर्धवट कलम असेल तर त्याने कुठल्या संघांना नकार दिला आहे ती यादी महत्त्वाची. मग घेणाऱ्या संघाकडे जागा आहे का ते पाहा: एकूण करारांची मर्यादा ५० आणि मार्चमधली ट्रेडची मुदत संपेपर्यंत मुख्य चमूत जास्तीत जास्त २३ खेळाडू.

तिसरी गोष्ट पैशांची. सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चाची मर्यादा, २०२५-२६ ला ९.५५ कोटी डॉलर होती, २०२६-२७ ला १०.४ कोटी. बहुतेक जण फसतात ते इथे, कारण कॅप दिवसाच्या हिशेबाने मोजली जाते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात हंगामाचा साधारण पाचवा हिस्सा उरलेला असतो. ज्या संघाने पहिल्या दिवसापासून १० लाख डॉलर मोकळे ठेवले, त्याला तेव्हा वर्षाला ४५ लाखांच्या आसपास घेणारा खेळाडू परवडतो. दीर्घ दुखापतीच्या यादीची सवलत (जखमी खेळाडूच्या बदल्यात कॅपपेक्षा जास्त खर्च करायची मुभा) वापरणाऱ्या संघाची अशी बचत साठत नाही, म्हणून त्याच्यासाठी ही जागा धरू नका. देणारा संघ पगाराचा जास्तीत जास्त निम्मा भार स्वतःकडे ठेवू शकतो, असे करार एका वेळी तीनच. ८० लाखांचा खेळाडू मग ४० लाखांना पडतो. पूर्वी तिसरा संघ मध्ये घालून त्याच दिवशी तो २० लाखांवर आणता यायचा. २०२५-२६ पासून दोन कपातींमध्ये नियमित हंगामाचे ७५ दिवस जावे लागतात. त्यामुळे जुन्या उदाहरणांवरून बांधलेले बरेचसे तीन-संघी बेत आता रद्दीत काढावेत.

चौथी गोष्ट बाजारभाव. फेब्रुवारीअखेर विकायला बसलेले संघ किती आणि घ्यायला निघालेले किती, ते मोजा. लासलगावला आवक घटली की भाव चढतो, तसंच इथे. पंधरा गिऱ्हाइकं आणि दोन चांगले बचावपटू असतील तर मधल्या फळीच्या खेळाडूलाही पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिक (नवोदित खेळाडू निवडायचा हक्क) पडतो.

आणि कॉन्फरन्सचा विचार ट्रेडमध्ये खरा कामाला येतो तो इथे. अंतिम फेरी पूर्व विरुद्ध पश्चिम अशी असते. आपल्याच कॉन्फरन्समध्ये दिलेला खेळाडू त्याआधीच समोर उभा राहू शकतो, म्हणून मोठा खेळाडू पलीकडे धाडण्याकडे कल असतो. मिक्को रांतानेनचा व्यवहार या दृष्टीने नीट पाहावा. नव्या करारावर जमेना म्हणून कोलोरॅडोने जानेवारी २०२५ मध्ये त्याला पूर्वेत कॅरोलायनाला दिलं. बदल्यात मार्टिन नेचास, जॅक ड्र्यूरी आणि ड्राफ्ट पिक आले. मध्ये शिकागो होता, त्याने ९२.५ लाखांपैकी निम्मा भार उचलला. कागदावर सगळं चोख. पण त्याचा करार त्याच उन्हाळ्यात संपत होता आणि कॅरोलायनाशीही सही झाली नाही. ७ मार्चला त्यांनी त्याला डॅलसला दिलं, लोगन स्टॅनकोव्हन, पहिल्या फेरीचे दोन आणि तिसऱ्या फेरीचे दोन पिक घेऊन. डॅलस कोलोरॅडोच्याच सेंट्रल डिव्हिजनमधला. पहिल्याच फेरीत दोघांची गाठ पडली आणि सातव्या सामन्यात ०-२ ने मागे असताना रांतानेनने तिसऱ्या सत्रात तीन गोल मारून कोलोरॅडोला घरी पाठवलं. करार संपत आलेला खेळाडू पलीकडच्या कॉन्फरन्सला दिला तरी तो तिथेच राहील असं धरू नका. "तिथे तो सही करेल का" हा प्रश्न आधी विचारा.

शेवटची तपासणी प्लेऑफची. दुखापतीच्या यादीत महागडा खेळाडू ठेवून मार्चमध्ये दुसरा घ्यायचा आणि प्लेऑफमध्ये दोघांना उतरवायचं, ही वाट २०२५-२६ पासून बंद झाली. आता प्लेऑफच्या प्रत्येक सामन्यात उतरणाऱ्या २० जणांची बेरीज कॅपमध्ये बसावी लागते. तुमच्या ट्रेडनंतरचे वीस जण लिहून काढा, आकडे मिळवा, आणि बसले तरच कट्ट्यावर नाव घ्या.