लहान मुलांचे दात घरी कसे घासावेत

‘दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत’ असं म्हणून पुष्कळ घरांत हा विषय संपतो. पुढचे दात सहा-सात वर्षांचं असताना पडायला लागतात, हे खरं. पण मागच्या दुधाच्या दाढा 10 ते 12 वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. त्या आधीच किडून काढाव्या लागल्या, तर बाजूचे दात रिकाम्या जागेकडे सरकतात आणि पक्क्या दाताची वाट अडते. शिवाय दुधाच्या दाताचं कवच पातळ असतं, त्यामुळे कीड भराभर आत शिरते.

सुरुवात कधी? पहिला दात हिरडीतून वर आला, त्याच दिवशी. बहुतेक मुलांना सहाव्या महिन्याच्या आसपास खालचे पुढचे दात येतात. थोडं मागेपुढे झालं तरी बिघडत नाही. तीन वर्षांपर्यंत सगळे 20 दात येऊन गेलेले असतात.

पायरी 1: ब्रश आणि पेस्ट

ब्रश मऊ केसांचा आणि लहान डोक्याचा घ्या. केस वाकडे झाले की बदला, नाहीतर तीन महिन्यांनी बदलाच. पेस्ट फ्लोराइडची हवी. ट्यूबवर फ्लोराइडचा आकडा 1000 पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत 1000 भाग) आसपास आहे का ते वाचा. मुलांची म्हणून विकली जाणारी प्रत्येक पेस्ट फ्लोराइडची असतेच असं नाही. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी पेस्ट दाखवतात, ती विसरा. पिण्याच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असेल, तर पेस्टबद्दल आधी दंतवैद्यांना विचारा. आणि ट्यूब मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

पायरी 2: मुलाला धरायचं कसं

निम्मी लढाई इथेच असते. समोर उभं करून घासायला गेलं की मूल मान मागे घेतं आणि आपल्याला वरचे दात दिसतच नाहीत. त्यापेक्षा त्याला मांडीवर आडवं घ्या, डोकं आपल्या पोटाशी आणि पाय समोर. घरात दुसरं कुणी असेल तर गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर बसा. एकाने हात-पाय सांभाळावेत, दुसऱ्याने घासावं.

मूल रडलं तरी घाबरू नका. रडताना तोंड मोठं उघडतं, तेवढ्यात मागच्या दाढा उरकून घ्या.

पायरी 3: घासणं

ब्रश दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेवर थोडा तिरका टेकवा आणि छोटे छोटे गोल फिरवा. जोर लावू नका. बाहेरची बाजू, आतली बाजू, मग दाढांचा चावायचा भाग. वरच्या ओठाच्या आत मधोमध एक पातळ पडदा असतो. त्याला ब्रश लागला की चांगलंच दुखतं, आणि पुढच्या वेळी मूल ओठ घट्ट मिटून घेतं. म्हणून ओठ वर करताना त्या पडद्यावर आपलं बोट ठेवा. गाल बाजूला करायलाही बोटच वापरा.

दोन दात एकमेकांना चिकटून आले असतील, तर मधल्या फटीत ब्रश पोचत नाही. तिथे दोरा, म्हणजे फ्लॉस, फिरवायला लागतो.

झाल्यावर फेस थुंकायला शिकवा, पण चूळ भरायला लावू नका. पाण्याबरोबर फ्लोराइडही धुऊन जातं. मुलाला स्वतः घासायची हौस असेल तर खुशाल घासू द्या, मात्र त्यानंतर एक हात मोठ्यांचा फिरलाच पाहिजे. सात-आठ वर्षांपर्यंत हे आपलंच काम आहे.

पायरी 4: रात्र

दिवसातून दोनदा घासायचं. धावपळीत सकाळचं एखाद्या वेळी चुकलं तर समजू शकतो, पण रात्रीचं चुकवू नका. झोपेत लाळ कमी होते आणि तोंड धुऊन काढणारं दुसरं काही नसतं. त्यामुळे रात्री घासल्यानंतर फक्त पाणी.

दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवायची सवय सगळ्यात वाईट. दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं आणि कीड तिथूनच सुरू होते. खालचे पुढचे दात जिभेच्या आणि लाळेच्या आडोशाने बऱ्याचदा वाचतात, म्हणून खाली बघून ‘दात छान आहेत’ असं वाटत राहतं.

दिवसभर थोडं थोडं गोड चघळणंही तितकंच घातक. बिस्किट, ज्यूस द्यायचाच तर जेवणाबरोबर एकदाच द्या. गोड औषध असेल तर घासायच्या आधी.

पायरी 5: ओठ वर करून बघणं

महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात वरचा ओठ उचला. हिरडीला लागून खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असू शकते. या टप्प्यावर फ्लोराइडने ती थांबवता येते, त्यामुळे लगेच दाखवा. डाग तपकिरी झाला किंवा खड्डा पडला, तर घरच्या उपायांत दिवस घालवू नका. काहीच दिसत नसलं तरी पहिली तपासणी पहिल्या वाढदिवसापर्यंत करून घ्यावी.

पडून दुधाचा दात मुळासकट निघाला, तर तो परत हिरडीत बसवू नका. खालच्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवा आणि दात घेऊनच दंतवैद्यांकडे जा, म्हणजे तो पूर्ण निघाला की तुकडा आत राहिला ते त्यांना कळेल.