भंगारातल्या पाइपची इंधन टाकी बनवताय? या चुका टाळा

गो-कार्ट, पाण्याचा पंप, छोटा जनरेटर अशा लहान इंजिनाला दोन-अडीच लिटरची टाकी घरीच बनवायची, तर लोखंडी पाइपचा तुकडा आणि दोन झाकणं पुरतात. ज्याचा वेल्डिंगवर हात बसलाय त्याला हे एका दुपारचं काम वाटतं, आणि नुसत्या जोडणीपुरतं ते तेवढंच आहे. पण अशा टाकीवर इंजिन कुरकुर करायला लागलं की लोक वेल्डिंगचे टाके तपासत बसतात. दोष बहुधा आत असतो: टाकी बंद करण्याआधी काय साफ करायचं राहिलं आणि हवेला वाट ठेवली का, हे आधी विचारायला हवं. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मात्र ही टाकी लावूच नका.

पाइप उचलताना

पहिली चूक म्हणजे हाताला लागेल तो जी.आय. (जस्ताचा थर दिलेला) पाइप घेणं. वेल्डिंगच्या उष्णतेने त्यावरचं जस्त जळतं आणि पांढरा धूर निघतो. तो श्वासात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरू शकतो. शिवाय आतल्या बाजूला उरलेलं जस्त इंधनाशी, विशेषतः डिझेलशी, अभिक्रिया करून चिकट साका तयार करतं. तो साका पुढे फिल्टर आणि नोझल तुंबवतो. काळा एम.एस. (जस्त नसलेला साधा पोलादी) पाइप घ्या. त्यातून आधी काय वाहत होतं हे कळत नसेल, आत तेलकट थर किंवा विचित्र वास असेल, तर तो तुकडा परत भंगारात टाका.

तेल पुसायला ब्रेक क्लीनर वापरायची सवय असेल तर डब्यावरचं लेबल वाचा. क्लोरीनयुक्त क्लीनरचा अंश राहिलेल्या जागी वेल्डिंगचा आर्क मारला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. साबणाचं गरम पाणी आणि नंतर पूर्ण वाळवणं, एवढं पुरतं.

‘जाड तितकं मजबूत’ हा हिशोबही इथे अंगाशी येतो. आतून १०० मिमी व्यासाचा, ३०० मिमी लांब पाइप घेतला तर त्यात साधारण २.३५ लिटर मावतं. भिंत ३ मिमीची असेल तर झाकणांसकट रिकामी टाकीच पावणेतीन किलोच्या आसपास जाते, आणि आतलं पेट्रोल जेमतेम पावणेदोन किलो. हे सगळं वजन इंजिनाच्या थरथरीत क्लॅम्पवर येतं. हात चांगला असेल तर २ मिमी पुरे.

शेवटचं झाकण

इंधन बाहेर जायचं आट्यांचं सॉकेट, भरायचं तोंड, हवेचं भोक: सगळी भोकं झाकणं बसवण्याआधी पाडा आणि कडेला उरलेले धारदार कंगोरे काढून टाका. नंतर ड्रिल मारलं तर कीस आतच पडतो, आणि तो शोधत कार्ब्युरेटर उघडायची पाळी येते.

शेवटचं झाकण जोडताना सॉकेटमध्ये बुच घट्ट बसवलेलं असेल, तर आतली तापलेली हवा वितळलेल्या धातूतूनच बाहेर पडते आणि टाक्यात सुईच्या टोकाएवढं छिद्र सोडते. वरून पुन्हा धातू ओतला की ते शेजारी सरकतं. बुच काढा, अर्धा त्रास तिथेच संपतो. उरलेली गळती बहुधा जिथे टाका सुरू झाला किंवा थांबला त्या जागी सापडते, म्हणून ती टोकं एकमेकांवर थोडी चढवून घ्या.

गळती तपासताना

कॉम्प्रेसरची नळी थेट लावणं ही या कामातली सगळ्यात आचरट चूक. १०० मिमीच्या गोल झाकणावर १०० पीएसआय दाब दिला तर त्याच्यावर साडेपाचशे किलोचा जोर येतो. कच्चा टाका सुटला तर ते झाकण गोळीसारखं उडेल. २-३ पीएसआय भरपूर झाले. रेग्युलेटर नसेल तर सायकलच्या हातपंपाने, दाबमापक लावून, अगदी सावकाश भरा. प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावा आणि घाई न करता बघत राहा. बारीक छिद्रातून बुडबुडा यायला वेळ लागतो.

बाहेरून खडू फासून आत रॉकेल भरायची जुनी पद्धत गळती अचूक दाखवते. पण एकदा रॉकेल आत गेलं की पुन्हा वेल्ड करायचा रस्ता बंद. म्हणून आधी हवा आणि साबण.

पेट्रोल पडलेल्या टाकीला पुन्हा आग नको

इथे सवलत नाही. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की पेट घेते, आणि शून्याखाली ४० अंशांनाही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं. त्यामुळे काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा ‘रिकामी’ टाकी जास्त घातक असते, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. धुऊन वास गेला तरी टाक्याच्या फटीत आणि गंजाखाली इंधन राहतं आणि तापल्यावर बाहेर येतं. वेल्डिंग, ग्राइंडर, गॅसकटर, काहीच नको. पाइप भंगारातलाच होता. गळकी टाकी बाजूला ठेवा आणि दुसरी बनवा.

एम-सीलसारख्या पुटीने छिद्र बुजवणं हे दुसरं टोक. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये अशा पुटीवर भरवसा ठेवता येत नाही. सिलिकॉन सीलंट तर पेट्रोलमध्ये फुगून सुटतं.

आतला गंज

जुन्या पाइपच्या आत गंज आणि काळा पापुद्रा असतो. मूठभर नट घालून टाकी खळखळून हलवा, मग सायट्रिक आम्लाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, खाण्याच्या सोड्याने आम्ल मारा, धुवा आणि लगेच गरम हवेने वाळवा. ‘लगेच’ महत्त्वाचं, कारण उघड्या लोखंडावर काही मिनिटांत नारिंगी छटा चढते. हे न करता वरून टाकीचं अस्तर ओतलं तर काही काळाने त्याचे पापुद्रे सुटतात आणि फिल्टरमध्ये अडकतात. अस्तर नसलं तरी चालतं, घाण नको.

इंजिन थोडा वेळ चालून बंद पडतं

भरायच्या तोंडाचं झाकण उघडल्यावर फस्स आवाज आला आणि इंजिन पुन्हा सुरू झालं, तर हवेचं भोक नाही किंवा तुंबलंय. इंधन खाली जातं, त्या जागी हवा येत नाही, आत पोकळी होते आणि प्रवाह थांबतो. आवाज येत नसेल तर कॉक (इंधनाचा नळ) उघडून बाटलीत धार बघा. धार बारीक असेल तर फिल्टर किंवा कॉकच्या जाळीत कचरा. धार चांगली असूनही इंजिन अडखळत असेल तर टाकीचा तळ कार्ब्युरेटरच्या वर आहे का, ते पाहा.

पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. इंधन घेणारी नळी अगदी तळाला टेकवू नका. ८-१० मिमी वर ठेवा आणि तळाला वेगळा निचरा बुच द्या. वरच्या बाजूला पाच ते दहा टक्के जागा रिकामी सोडा, नाहीतर उन्हात फुगलेलं पेट्रोल हवेच्या भोकातून इंजिनावर सांडेल.

आट्यांवर नळवाल्याची पांढरी टेप गुंडाळू नका. तिचे धागे तुटून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (इंधनाच्या बारीक भोकात) जातात. इंधनाला टिकणारी सीलंट पेस्ट वापरा. होजही इंधनासाठीच बनवलेला घ्या, कारण पाण्याची पारदर्शक नळी पेट्रोलमध्ये कडक होऊन तडकते.

टाकी पट्ट्यांनी, खाली रबर ठेवून बांधा. भिंतीवर थेट पट्टी वेल्ड केली तर थरथरीने तिच्या कडेलाच तडा जातो. सायलेन्सरपासून लांब ठेवा, आणि पहिल्यांदा उघड्यावर थोडंच पेट्रोल भरून, खाली कोरा पुठ्ठा ठेवून रात्रभर उभी ठेवा. पेट्रोल उडून जातं, त्यामुळे सकाळी पुठ्ठा कोरडा दिसला तरी जोडांवर बोट फिरवून वास घ्या.