आठवड्यातले दोन तास बांधून ठेवा

घरधन्याला डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार जडला की बाईचं अख्खं जगणं ओसरीत अडकतं. तोच प्रश्न वीसदा येतो, रात्री उठून ते वावराकडे निघतात, आणि गाव म्हणतं, "म्हातारपणी होतेच असं." नाही, हा मेंदूचा आजार आहे, आणि सांभाळणारीही त्यात झिजते.

म्हणून आठवड्यातून दोन तास, वार आणि वेळ ठरवून, त्यांच्याजवळ दुसऱ्या कुणाला बसवा. "कधी मदत लागली तर सांगेन" असं मोघम बोलल्यानं कुणी येत नाही. दिराला, पुतण्याला नेमकं सांगा: "दर मंगळवारी चार ते सहा तुम्ही बसा. जुन्या बैलजोडीच्या गोष्टी काढा, ते चुकले तर दुरुस्त करू नका." कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी माणूस मिळत नाही, तेव्हा वेळ रात्रीच्या जेवणानंतर सरकवा, पण मोडू नका.

त्या दोन तासांत धुणंभांडी काढायची नाहीत. झोपा, भजनाला बसा, स्वतःचा बीपी तपासून घ्या. बायकोला सांभाळणाऱ्या पुरुषालाही हेच लागू, आणि तो तर सहसा बोलूनही दाखवत नाही.

जीव फारच घाबरा झाला तर रात्रीसुद्धा १४४१६ वर फोन लावा. टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीचा वार आशाताईंना विचारून ठेवा.