प्रत्यक्ष प्रकल्पातून व्यवस्थापन शिकवताना या चुका टाळा

लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने आमच्या एमबीएच्या विद्यार्थ्यांना ‘सोयाबीनचा मार्केटिंग प्लॅन करून द्या’ असे काम दिले आणि मी ते जसेच्या तसे स्वीकारले, ही माझी पहिली चूक. चौघांनी शंभर प्रश्नावल्या भरून घेतल्या, चाळीस स्लाइडचे सादरीकरण केले, संचालकांनी टाळ्या वाजवल्या आणि फाइल कपाटात गेली. संस्था जे काम सांगते ते बहुधा तिने आधीच मनाशी ठरवलेले उत्तर असते. खरी अडचण त्याच्या मागे असते.

पुढच्या तुकडीला म्हणून मी आधी दोन दिवस नुसते कंपनीच्या वजनकाट्यावर उभे केले. तिथे दिसले ते असे : कंपनी हमीभाव खरेदीच्या 12 टक्के आर्द्रतेच्या निकषावर बोट ठेवून ओला माल परत पाठवत होती, तर आडत्या भाव पाडून का होईना, पण तोच माल ठेवून घेत होता आणि दिवाळीच्या तोंडावर रोख पैसे हातात देत होता. प्रश्न जाहिरातीचा नव्हताच, वाळवणीच्या जागेचा आणि रोकडीचा होता.

पहिल्या तुकडीला हे दिसले नाही, त्यात तिचा दोष थोडा आणि माझ्या वेळापत्रकाचा जास्त. सोयाबीनची मोठी आवक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते आणि मी मुलांना पाठवले फेब्रुवारीत. विद्यापीठाचे सत्र आपल्याला हलवता येत नाही; पण सोयाबीनचे काम हिवाळी सत्रात आणि वसमतच्या हळदीचे उन्हाळी सत्रात, एवढे तरी ठरवता येते.

वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांतून शनिवार-रविवारच्या वर्गाला येणाऱ्या अधिकाऱ्यांची गोष्ट वेगळी. ते स्वतःच्याच विभागातला विषय निवडतात, अहवाल वाचणारा साहेबही तिथलाच असतो, आणि मग त्या अहवालात कोणाचीच चूक सापडत नाही. ‘अॅक्शन लर्निंग’ म्हणजे खऱ्या अडचणीवर काम करत शिकण्याची पद्धत मांडणारे ब्रिटिश प्राध्यापक रेजिनाल्ड रेव्हान्स यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस बेल्जियममध्ये एका कंपनीच्या वरिष्ठांना दुसऱ्याच कंपनीच्या अडचणीवर कामाला लावले होते. आपल्याकडेही गुणवत्ता विभागातल्या माणसाला शेजारच्या कारखान्याच्या भांडारात पाठवून पाहावे. तो असे प्रश्न विचारतो, जे तिथल्या माणसाला विचारायची लाज वाटते.

गुण अहवालाच्या जाडीवर देऊ नयेत, हे सर्वांना ठाऊक असते आणि तरीही दिले जातात.

काम मध्येच अडले, म्हणजे आकडे मिळेनात, फोन उचलला जाईना, तर विद्यार्थ्यांना बोल लावण्याआधी संस्थेने प्रकल्पासाठी दिलेले संमतिपत्र काढून पाहावे. त्यात निर्णय कोण घेणार आणि कोणती रजिस्टरे दाखवणार, हे लिहिलेले नसेल तर ते आताच लिहून घ्यावे. सही मालकाची आणि रजिस्टरे मुनीमजींच्या कपाटात, असे असेल तर पुढचा चहा मुनीमजींबरोबर घ्यावा.