निफ्टी फ्युचरमधील इंट्राडे व्यवहारासाठी चार्ट कसा वाचावा

बडोद्यातील मराठी घरांना शेअर बाजार नवा नाही. सयाजीगंजात वडोदरा स्टॉक एक्स्चेंज होते, त्या काळात दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील अनेक कुटुंबांनी शेअर घेतले ते वर्षानुवर्षे ठेवण्यासाठी. आज त्याच घरांतील तरुण सकाळी सव्वानऊला मोबाईलवर निफ्टी फ्युचर घेतात आणि दुपारपर्यंत विकून मोकळे होतात. या दोन गोष्टींना एकच नाव देणे धोक्याचे आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. हा आकडा ठाऊक असूनही ज्यांना हे काम शिकायचे आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझे म्हणणे एवढेच, की प्रवेश कुठे, माघार कुठे आणि चुकल्यास तोटा किती रुपये, हे तीन आकडे सौदा करण्यापूर्वी कागदावर उतरले पाहिजेत. चार्टचा उपयोग हे आकडे काढण्यासाठी करायचा असतो.

सर्वप्रथम आपण काय विकत घेत आहोत ते पाहावे. निफ्टी ५० हा पन्नास कंपन्यांचा निर्देशांक आहे आणि त्यावरील फ्युचर्सचे, म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढच्या तारखेला पूर्ण होणाऱ्या करारांचे, व्यवहार राष्ट्रीय शेअर बाजारात जून २००० मध्ये सुरू झाले. एका वेळी तीन महिन्यांचे करार चालू असतात. त्यांतील सर्वांत जवळच्या महिन्याचा करार इंट्राडेसाठी, म्हणजे त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी सोडण्यासाठी, घ्यावा, कारण उलाढाल तिथेच असते आणि खरेदी-विक्रीच्या भावांतील अंतर तिथेच सर्वांत कमी असते. सप्टेंबर २०२५ पासून हा करार महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी संपतो. लॉट म्हणजे एका करारातील ठरलेले नग. त्याचा आकार बदलत असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो २५ वरून ७५ झाला आणि त्यानंतरही बदलला, म्हणून जुन्या लेखांतील हिशेब जसेच्या तसे वापरू नयेत. पुढील उदाहरणात मी ६५ चा लॉट धरला आहे. निर्देशांक २५,००० च्या आसपास असताना असा एक लॉट म्हणजे सव्वासोळा लाख रुपयांचा सौदा होतो. खात्यातून केवळ मार्जिन, म्हणजे सौद्याची अनामत रक्कम, अडकते, त्यामुळे हा आकार डोळ्यांना दिसत नाही आणि नवशिक्याची पहिली चूक इथेच होते.

चार्ट उघडताना तो फ्युचरचा उघडावा, निर्देशांकाचा नव्हे. निर्देशांक ही काढलेली संख्या आहे. तिची स्वतःची खरेदी-विक्री होत नाही, त्यामुळे तिला स्वतःचा व्हॉल्यूम, म्हणजे उलाढालीचा आकडा, नसतो. शिवाय फ्युचरचा भाव सामान्यतः निर्देशांकापेक्षा काही अंकांनी वर असतो आणि एक्स्पायरी, म्हणजे करार संपण्याचा दिवस, जवळ येईल तसा हा फरक आटत जातो. निर्देशांकाच्या चार्टवर रेघ ओढून फ्युचरमध्ये स्टॉपलॉस, म्हणजे तोटा ठरलेल्या भावावर थांबवणारी ऑर्डर, लावला, तर तो या फरकाइतका चुकीच्या जागी पडतो.

सकाळच्या तयारीला अर्धा तास पुरतो. आदल्या दिवसाचा उच्चांक, नीचांक आणि बंद भाव वहीत लिहावा. समजा, फ्युचरचा उच्चांक २५,१८०, नीचांक २४,९६० आणि बंद भाव २५,०४० आहे. तिन्हींची बेरीज करून तीनने भागले की २५,०६० हा पिव्होट मिळतो. पिव्होटच्या दुपटीतून नीचांक वजा केला की पहिला अडथळा २५,१६० वर येतो, आणि त्याच दुपटीतून उच्चांक वजा केला की पहिला आधार २४,९४० वर येतो. या आकड्यांमध्ये जादू काही नाही. असंख्य लोक हेच आकडे पाहत असल्यामुळे तिथे खरेदी किंवा विक्री येण्याची शक्यता वाढते, एवढेच त्यांचे बळ आहे. आदल्या दिवसाचा उच्चांक आणि नीचांक मला पिव्होटपेक्षाही महत्त्वाचे वाटतात, कारण तिथे प्रत्यक्ष सौदे झालेले असतात आणि तिथे अडकलेली माणसे सुटण्याची वाट पाहत असतात.

त्यानंतर दिवसाचा आवाका ठरवावा. इंडिया व्हिक्स हा निफ्टीच्या ऑप्शन्सच्या भावांवरून काढलेला अपेक्षित चंचलतेचा आकडा आहे आणि तो वार्षिक टक्केवारीत असतो. वर्षात सुमारे २५२ व्यवहाराचे दिवस असतात आणि २५२ चे वर्गमूळ १६ च्या जवळ येते, म्हणून व्हिक्सला १६ ने भागले की एका दिवसाची अपेक्षित हालचाल मिळते. व्हिक्स १२.८ असेल तर ०.८ टक्के, म्हणजे २५,०४० वर सुमारे २०० अंक. तीनपैकी साधारण दोन दिवस बाजार आदल्या बंद भावापासून एवढ्या अंतराच्या आत बंद व्हावा, असा त्याचा अर्थ. भाव आधीच १८० अंक वर गेला असताना आणखी २०० अंकांच्या आशेने खरेदी करण्यापासून हा साधा भागाकार आपल्याला वाचवतो.

गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत चालणारा गिफ्ट निफ्टी सकाळी साडेसहालाच सुरू होतो, त्यावरून बाजार साधारण कुठे उघडेल ते कळते. त्याहून अधिक अर्थ त्यातून काढू नये. त्यापेक्षा वजनदार शेअर्सकडे लक्ष द्यावे. एचडीएफसी बँक, रिलायन्स आणि आयसीआयसीआय बँक यांचा निफ्टीतील भार फार मोठा आहे. यांतील आयसीआयसीआय बँकेचे नोंदणीकृत कार्यालय तर आपल्याच जुन्या पादरा रस्त्यावर आहे. निर्देशांक वर जात असताना हे तीन शेअर खाली असतील, तर त्या तेजीचा पाया कच्चा समजावा.

सव्वानऊ ते साडेनऊ या पंधरा मिनिटांत सौदा करू नये. रात्रभर साचलेल्या ऑर्डरी या वेळेत निघतात आणि भाव दोन्हीकडे झटके देतो. या काळातील उच्चांक आणि नीचांक यांवर दोन रेघा ओढाव्यात. हा दिवसाचा आरंभीचा पट्टा. आपल्या उदाहरणात तो २५,०९८ ते २५,०४२ असा धरू.

आता व्हीवॅप लावावा. दिवसभरातील प्रत्येक भावाला तिथे झालेल्या उलाढालीने गुणून काढलेली ही सरासरी आहे. मोठ्या संस्था आपली खरेदी या सरासरीच्या तुलनेत मोजतात, म्हणून तिला वजन आहे. भाव व्हीवॅपच्या वर टिकत असेल आणि रेघ स्वतःही चढत असेल, तर आज सरासरी खरेदीदार नफ्यात आहे आणि खाली आलेला भाव उचलला जाण्याची शक्यता अधिक आहे. भाव रेघेला वारंवार ओलांडत असेल आणि रेघ आडवी पडली असेल, तर दिवस दिशाहीन आहे. अशा दिवशी ब्रेकआउटच्या, म्हणजे पट्टा ओलांडणाऱ्या भावाच्या, मागे धावणाऱ्याला दोन्ही बाजूंनी मार बसतो आणि सौदा न करणे हाच योग्य निर्णय असतो. आरएसआय, मूव्हिंग ॲव्हरेज वगैरे साधने हवी तर एखादे ठेवावे. ती सगळी त्याच भावातून निघतात, म्हणून पाच साधनांनी एकच गोष्ट सांगितली तर ते पाच साक्षीदार होत नाहीत.

समजा, पावणेदहानंतर पाच मिनिटांची कॅण्डल, म्हणजे तेवढ्या वेळातील भाव दाखवणारी चार्टवरील काडी, २५,१०४ वर, म्हणजे पट्ट्याच्या वर बंद झाली. व्हीवॅप २५,०७२ वर असून चढत आहे. इथे उत्साहाने २५,१०६ ला खरेदी केली आणि व्हीवॅपच्या खाली २५,०६४ ला स्टॉपलॉस ठेवला, तर धोका ४२ अंकांचा आणि २५,१६० च्या अडथळ्यापर्यंतचा लाभ ५४ अंकांचा होतो. सौदा बरा दिसतो. पण फ्युचरच्या विक्रीवर रोखे व्यवहार कर लागतो. ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२६ या काळातील ०.०२ टक्के दरानेसुद्धा तो या पातळीवर पाच अंकांइतका होतो. दलाली, बाजाराचे शुल्क, जीएसटी, मुद्रांक शुल्क आणि अपेक्षित व प्रत्यक्ष मिळालेल्या भावातील फरक मिळून त्या दराने एकूण खर्च सुमारे आठ अंक धरू. मग लाभ ४६ आणि धोका ५० उरतो, म्हणजे हा सौदा करण्यासारखा नाही. कराचे दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून हा खर्च प्रत्येकाने स्वतःच्या ताज्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरून, म्हणजे दलालाने दिलेल्या सौद्याच्या हिशेबावरून, काढावा.

हाच सौदा थांबून केला तर चित्र बदलते. भाव पट्ट्याच्या वर जाऊन पुन्हा व्हीवॅपकडे, म्हणजे २५,०७८ पर्यंत आला, तिथे विक्री आटली आणि पुढची कॅण्डल वर बंद झाली, तर २५,०८४ ला खरेदी आणि २५,०५८ ला स्टॉपलॉस. धोका २६ अंक, लाभ ७६ अंक. खर्च धरून अनुक्रमे ३४ आणि ६८. एकास दोन हे प्रमाण मिळाले. अनेकदा भाव परत येत नाही आणि सौदा हातून जातो. तो जाऊ द्यावा.

लॉट किती घ्यायचे हे मार्जिनवरून ठरवू नये. भांडवल तीन लाख असेल आणि एका सौद्यात एक टक्का, म्हणजे तीन हजार गमावण्याची तयारी असेल, तर ३४ गुणिले ६५ म्हणजे २,२१० रुपयांचा धोका असलेला एकच लॉट बसतो. सप्टेंबर २०२१ पासून इंट्राडेलाही पूर्ण मार्जिन भरावे लागते, त्यामुळे लहान भांडवलावर मोठी उडी मारण्याची सोय तशीही उरलेली नाही, आणि ते चांगलेच झाले.

खरेदी होताच स्टॉपलॉसची ऑर्डर यंत्रणेत टाकावी. मनात ठेवलेला स्टॉपलॉस हा स्टॉपलॉस नसतो. हे मी स्वतः पैसे मोजून शिकलो. रिझर्व्ह बँकेचे पतधोरण सकाळी दहाला जाहीर होणार होते, हे ठाऊक असूनही मी पावणेदहाला खरेदी केली, भाव उलटल्यावर ‘आणखी दहा अंक’ असे म्हणत मर्यादा तीनदा खाली सरकवली, आणि चाळीस अंकांचा तोटा एकशेतीस अंकांवर गेला. तेव्हापासून स्टॉपलॉस मी फक्त नफ्याच्या दिशेने सरकवतो. पतधोरण, अर्थसंकल्प आणि निवडणूक निकालांच्या दिवशी चार्टवरील पातळ्या टिकत नाहीत, म्हणून त्या दिवशी बाजूला राहावे. एक्स्पायरीच्या मंगळवारी दुपारनंतरही तेच करावे.

साडेअकरा ते दीड या वेळेत उलाढाल मंदावते आणि ब्रेकआउट फसण्याचे प्रमाण वाढते, असा माझ्या वहीचा अनुभव आहे. दिवसात दोन सौदे तोट्यात गेले की संगणक बंद करावा. नव्या माणसाने पहिले तीस दिवस एकही खरा सौदा न करता हीच पद्धत कागदावर चालवावी आणि प्रत्येक सौद्याची वेळ, पातळी, कारण व खर्चासह निकाल लिहावा. तीस दिवसांनंतर खर्च वजा जाता बेरीज उणे असेल, तर खऱ्या पैशांनी ती अधिक होणार नाही.

दलाल तीन वाजून गेल्यावर इंट्राडे सौदे आपोआप कापतात, तेव्हा मिळेल तो भाव घ्यावा लागतो. म्हणून तीन वाजून दहा मिनिटांपर्यंत स्वतः बाहेर पडावे. साडेतीननंतर लगेच दुसऱ्या दिवसाची वही भरू नये, कारण फ्युचरचा अधिकृत बंद भाव हा शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीने ठरतो आणि पडद्यावरील शेवटच्या भावापेक्षा तो काही अंकांनी वेगळा असू शकतो. संध्याकाळी बाजाराच्या संकेतस्थळावर भावपत्रक येते. उद्याचा पिव्होट त्यातील आकड्यांवरून काढावा.